हे घर कुणी बांधलं?



आज इतिहास सांगायचा आहे, पण लढायांचा आणि तहांचा नव्हे. घरांचा. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात शंभर-सव्वाशे वर्षांची घरं अजून उभी आहेत. काही नीट नांदती आहेत, काही गणपतीला येणाऱ्या मुंबईकरांची वाट बघत वर्षभर कुलपात असतात, आणि काहींचा नुसता चौथरा उरलाय, त्यावर रान माजलंय. ही घरं कुणी बांधली, हा प्रश्न आमच्या गटाने गेलं वर्षभर धरून ठेवला.

पहिलं उत्तर सगळीकडे एकच मिळतं. "आमच्या आजेसासऱ्यांनी बांधलं." मग आम्ही विचारतो, चिरे त्यांनी तोडले? वासे त्यांनी तासले? समोरची हसते. "छे गो, पैसे त्यांचे." बरं, मग माजघर एवढं खोल आणि पडवी एवढी रुंद हे कुणी ठरवलं? इथे सगळ्या गप्प होतात. खरं म्हणजे 'बांधलं' हा एकच शब्द आपण चार वेगवेगळ्या माणसांना लावतो. पैसे घालणारा वेगळा, आराखडा काढणारा वेगळा, ठेका घेऊन काम तडीस नेणारा वेगळा, आणि उन्हातान्हात हात लावणारे तर वेगळेच. कधी यातले दोघे एकच असतात, पण नेहमी नाही.

याचं मोठं उदाहरण आपल्या रत्नागिरीचंच आहे. भागोजीशेठ कीर. गरीब भंडारी घरातला मुलगा मुंबईला गेला, सुतारकामातून वर आला आणि शापूरजी पालनजी यांच्याबरोबर बांधकामाच्या धंद्यात मोठा ठेकेदार झाला. मुंबई सेंट्रल स्टेशन भागोजीशेठनी बांधलं, असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात. मुंबईच्या जुन्या इमारतींवरचं पुस्तक उघडलं तर तिथे नाव दिसतं क्लॉड बॅटली. मग खोटं कोण? कुणीच नाही. १९३० साली उघडलेल्या त्या स्टेशनाचा आराखडा बॅटली यांचा, काम शापूरजी पालनजी यांच्याकडे, आणि पैसा रेल्वे कंपनीचा. रत्नागिरी ठेकेदाराचं नाव लक्षात ठेवते, पुस्तक आराखड्याच्या माणसाचं लिहितं. ज्याला जो जवळचा, त्याचं नाव तो घेतो.

हेच भागोजीशेठ गावी आले की त्यांची जागा बदलते. १९३१ साली रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभं राहिलं. सर्व जातींच्या लोकांना एकत्र दर्शन घेता यावं ही सावरकरांची कल्पना, आणि खर्च भागोजीशेठनी केला. किल्ल्याजवळचं भागेश्वर मंदिरही त्यांचंच. म्हणजे मुंबईत ते दुसऱ्याच्या पैशाने बांधणारे, आणि इथे स्वतःचा पैसा घालणारे. 'कीरांनी बांधलं' हे वाक्य दोन्हीकडे खरं, पण अर्थ निराळा. म्हणून कुणी एखाद्या घराबद्दल 'अमक्याने बांधलं' म्हणालं, की आम्ही आता लगेच वहीत लिहीत नाही. कोणत्या अर्थाने, हे आधी विचारतो.

हे क्लॉड बॅटली १९१३ साली विलायतेहून आले आणि पुढे मुंबईतच राहिले. जे. जे. मध्ये त्यांनी पुष्कळ वर्षं वास्तुकला शिकवली. मलबार हिलवरचा जिनांचा बंगला त्यांचा, ब्रेबॉर्न स्टेडियमही त्यांच्या कंपनीचं. पण आम्हाला ते आवडले ते दुसऱ्या कारणासाठी. जुन्या हिंदुस्थानी इमारती मोजून त्यांची मापं कागदावर उतरवणं त्यांना फार महत्त्वाचं वाटे, आणि अशा मोजलेल्या चित्रांचं पुस्तक त्यांनी १९३४ साली काढलं. नुसतं 'सुंदर आहे' म्हणू नका, टेप लावा, हा तो रस्ता. आपल्याला टेप नसली तरी चालते. हात आणि वीत आपल्याजवळ कायम असते.

मुंबईतल्या घरांची नावं अशी सापडतात तरी कशी? त्याला कारण आहे कायद्याचं. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने घर बांधायच्या आधी पालिकेला कळवणं आणि नकाशे देणं भाग झालं. नकाशा म्हटलं की त्यावर सही आली, तारीख आली. १९१७ साली वास्तुविशारदांची संस्था निघाली, जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष. गेटवे ऑफ इंडिया ज्यांनी आखला तेच हे विटेट. मग आपली माणसंही त्या धंद्यात आली. गजानन बाबूराव म्हात्रे हे त्यातलं मोठं नाव. जन्म १९०२ चा, मृत्यू १९७३ चा. मुंबईत १९३०-४० च्या सुमारास गोल कोपऱ्यांच्या, गच्च्यांच्या, सिमेंट-काँक्रीटच्या राहत्या इमारती झाल्या, त्यातल्या कितीतरी म्हात्र्यांच्या. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिले, पण आपल्या घराचा आराखडा कुणाचा हे किती जणांना ठाऊक असणार! कामू अय्यर या वास्तुविशारदांनी म्हात्र्यांच्या इमारतींवरचं पुस्तक संपादित केलं, ते २००० साली निघालं. एका माणसाने कोणकोणती घरं आखली हे नीट बघून लिहिलेलं ते काम. पुढे २०१८ साली ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हजवळच्या तशा इमारतींना युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. कागद असला म्हणजे घराचं नशीब कुठपर्यंत जातं पाहा.

आता आपल्याकडे या. आपल्या गावात १९१० साली घर बांधायला कुणी सहीचा नकाशा मागत नव्हतं. वास्तुविशारदांच्या नोंदणीचा कायदाच मुळी १९७२ चा. आखणी मिस्त्रीच्या डोक्यात, माप त्याच्या हातातल्या गजावर, मजुरी थोडी रोख, थोडी भातात. भाताची पावती कोण फाडणार? त्यातून कितीतरी जमिनी खोतांच्या. कूळ तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलं, घर त्याने उभं केलं, पण कागदावर जमिनीला नाव खोताचं. खोती गेली १९४९ च्या कायद्याने. त्याआधीची कुळांची घरं शोधायला गेलं की दप्तरात घर नसतंच, नुसती जमीन असते.

कागद भरपूर आहेत असं आपल्याकडचं एक घर मात्र आहे, आणि ते एका परक्या राजाचं आहे. थिबा राजवाडा. शाळेच्या सहलीला आपण सगळ्या तिथे गेलेल्या असू.

ब्रह्मदेशाचा राजा थिबा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि दुसऱ्या वर्षी त्याला राण्या-मुलींसकट रत्नागिरीत आणून ठेवलं. इतक्या लांब का? तर त्याची माणसं त्याच्यापर्यंत पोचू नयेत. आपली रत्नागिरी तेव्हा रेल्वेपासून दूर, पावसाळ्यात बोटही बंद. राजाला कोंडायला याहून सोयीची जागा सरकारला कुठली मिळणार? आल्यावर लगेच राजवाडा मिळाला नाही बरं का. जवळजवळ चोवीस वर्षं तो दुसऱ्या बंगल्यांत राहिला. मुली तिथेच वाढल्या. राजवाडा तयार झाला १९१० साली, आणि राजा वारला १९१६ च्या डिसेंबरात. म्हणजे ज्याला आपण थिबा राजवाडा म्हणतो तिथे थिबा जेमतेम सहा वर्षं राहिला. धाकटी राणी तर त्यातली दोनच वर्षं, ती १९१२ साली गेली. दोघांची थडगी रत्नागिरीतच आहेत. थोरली राणी आणि मुली १९१९ साली ब्रह्मदेशाला परत गेल्या.

हा वाडा कुणी बांधला? पैसा आणि हुकूम इंग्रज सरकारचा. राजाने आपल्या मनासारखी आखणी करून घेतली, असंही सांगतात. वाड्यासमोर उभं राहिलं की हे दोन्ही पटतं. भिंती आपल्या जांभ्याच्या, इथल्याच खाणीतल्या. उतरती छपरं आपल्या पावसाला ओळखणारी. लाकूड बर्मा सागाचं, म्हणजे राजाच्या मुलखातलं. खिडक्यांच्या वर अर्धगोल कमानी, त्यांत कोरीव काम, आणि रंगीत काचा. आत संगमरवरी फरशीचं दालन. पाठीमागे बुद्धाची मूर्ती. वरून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. एखाद्या सरकारी विश्रामगृहाला कुणी असला थाट करत नाही, आणि ब्रह्मदेशातला वाडाही असा नसतो. मांडले शहरातला त्याचा वाडा लाकडी होता. इथे तीन मुलखांची भाषा एकाच भिंतीत बोलते. अशा घराला एकच कर्ता शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. भिंत कुणाची, लाकूड कुणाचं, हौस कुणाची, असं तुकड्या-तुकड्याने विचारलं की घर बोलायला लागतं.

आणि थिबाची मुलगी? थोरली राजकन्या ब्रह्मदेशातून पुन्हा रत्नागिरीला आली. तिची मुलगी टुटू इथेच वाढली, इथेच तिचं लग्न झालं, मराठी बोलत ती इथलीच झाली. राजाची ही नात साध्या घरात राहिली. गुरं पाळली, शेणी थापल्या, कागदाची फुलं करून विकली, आणि २००० साली रत्नागिरीतच वारली. आजोबांच्या राजवाड्यात पुढे सरकारी तंत्रनिकेतन भरत असे, आता तिथे वस्तुसंग्रहालय आहे. आजोबांचं घर सरकारी तिकिटावर बघता येतं, नातीचं घर कुणी मोजून ठेवलेलं नाही. आम्हाला विचाराल तर इतिहास दोन्ही घरांत आहे, आणि शेणी थापणाऱ्या हाताचं घर मोजायला जास्त घाई केली पाहिजे, कारण जांभ्याच्या राजवाड्याची डागडुजी सरकार करतं.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघरही बघून या. १८५६ साली टिळकांचा जन्म झाला तेव्हा ते घर गोऱ्यांचं होतं, टिळकांचं बिऱ्हाड तिथे होतं. बिऱ्हाडकरूचा मुलगा मोठा झाला आणि घराला त्याचं नाव लागलं. मालकाचं गेलं, मिस्त्रीचं तर कधी लागलंच नव्हतं. पण कोकणी मध्यम घर कसं असायचं हे डोळ्यांनी बघायचं तर ते उत्तम घर आहे. तिथे गेलात तर पुतळ्याचे फोटो काढून परत फिरू नका. जिना बघा, उंबरठ्याची उंची बघा, खिडकीचे गज बघा.

आता आपलं घर कसं वाचायचं ते सांगतो. आधी देवघराची आणि मुख्य दाराची चौकट निरखा. पुष्कळ ठिकाणी साल कोरलेलं असतं, पण ते शकात असतं. शके १८३२ दिसलं तर त्यात ७८ मिळवा, १९१० येतं. तेलाच्या नि रंगाच्या थराखाली अंक दडलेला असतो, ओलं फडकं हलक्या हाताने फिरवा. खरवडू नका.

मग वर बघा. मंगलोरी कौल उलटं केलं की पाठीवर कारखान्याचं नाव असतं. बासेल मिशनच्या कौलांवर १८६५ असा आकडा सापडतो, आणि घरची मंडळी आनंदाने सांगतात, आमचं घर १८६५ चं! तसं नाही. तो कारखाना सुरू झाल्याचा आकडा आहे. कौल त्यानंतर कधीचंही असू शकतं. उलट 'कॉमनवेल्थ' असं नाव आलं तर एक गोष्ट नक्की सांगता येते. पहिल्या महायुद्धानंतर बासेल मिशनचे कारखाने जाऊन कॉमनवेल्थ ट्रस्टकडे आले, तेव्हा ते कौल त्यानंतरचं. पण लक्षात ठेवा, कौल बदलतात. घर जुनं आणि कौल नवं असं सर्रास असतं. आधी नळ्याची कौलं किंवा गवती छप्पर असेल, मुंबईहून पैसे आल्यावर मंगलोरी घातली असतील.

चिरा तर फार बोलका. खाणीतून काढला की मऊ असतो, वाऱ्या-उन्हात घट्ट होतो. हाताने तोडलेल्या चिऱ्यावर घाव तिरके, एकसारखे नसलेले दिसतात. मशीनने कापलेल्या चिऱ्याची बाजू गुळगुळीत असते. एकाच भिंतीत दोन्ही दिसले तर जिथे बदल होतो तिथे बोट ठेवून विचारा, ही खोली कधी वाढवली? बहुतेक वेळा कुणाच्या तरी लग्नाची किंवा वाटणीची गोष्ट बाहेर येते. दर्जात माती, चुना की सिमेंट तेही बघा. आपल्या देशात सिमेंटचा कारखाना पोरबंदरला १९१४ साली चालू झाला. गावात सिमेंट पोचायला त्यानंतर बराच काळ गेला, तेव्हा जुन्या भिंतीतलं सिमेंट हे बहुतेक पुढच्या डागडुजीचं.

आणि एकाच मिस्त्रीची घरं ओळखायची असतील तर खांब बघा. खांबाच्या डोक्याचं कोरीव काम, खालच्या दगडाचा आकार, चौकटीची जोडणी, माळ्यावर जायच्या जिन्याची पायरी. सुताराचा हात सहीसारखा असतो. पाच वाड्यांतल्या खांबांचे फोटो शेजारी-शेजारी ठेवले की कोणते तीन एका हाताचे ते आपल्यासारख्या बायकांनाही कळतं. दुसऱ्याच्या भाकरीवरून आपण हात ओळखतोच की! किनाऱ्यावरच्या मुसलमान मोहल्ल्यांत बोटीवरच्या कमाईतून उठलेली दुमजली घरं आहेत. त्यांतले लाकडी सज्जे आणि हिंदू वाडीतले खांब शेजारी ठेवून बघायचं आमच्या मनात आहे. सुताराला गिऱ्हाइकाचा धर्म आडवा येत नसे.

बायकांच्या हाताचं काम मात्र खांबासारखं टिकत नाही. चिरे डोक्यावरून वाहिले कुणी? चुन्याला पाणी आणलं कुणी? जमीन चोपण्याने चोपून, शेणाने सारवून घर राहण्याजोगं केलं ते कुणी? दर पावसाळ्यानंतर ती जमीन पुन्हा करावी लागते. म्हणजे सुताराने घर एकदा बांधलं, बायका ते दर वर्षी बांधतात. याची नोंद ना दप्तरात, ना चौकटीवर. म्हणून म्हाताऱ्या बायकांना विचारताना 'घर कुणी बांधलं' असं विचारू नका, त्या सासऱ्याचं नाव सांगतील. 'जमीन चोपायला कोण कोण होतं' असं विचारा. मग नावं येतात, भराभरा येतात, आणि माहेरच्या नावांनी येतात.

कागदाचंही सांगितलं पाहिजे, कारण तिथे नुसता इतिहास नाही. ग्रामपंचायतीत नमुना ८ ची नोंदवही असते, कर आकारणीची. त्यात घर नंबर, बांधकाम कशाचं, क्षेत्र आणि नाव असतं. जुनी वही मिळाली तर मातीचं घर चिऱ्याचं कधी झालं ते ओळींतून दिसतं. त्याहून जुना कागद घरात असेल तर तो मोडीत असेल. रद्दीत घालू नका, मोडी वाचणारी माणसं आहेत. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, तिथे जुनी पुस्तकं चाळायला मिळतील. मुंबईचं सरकारी पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, जिल्ह्याचा मोठा पत्रव्यवहार शोधायचा तर तिथे जावं लागतं.

नमुना ८ उघडलाच आहे तर आणखी एक ओळ वाचा. नावाची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडाकडे घरांवरची छपरं उडाली. पंचनामे सुरू झाले तेव्हा पहिला प्रश्न होता, घर कुणाच्या नावावर? आमच्या ओळखीच्या एका बाईंनी नवरा गेल्यावर पंधरा वर्षं ते घर एकटीने शाकारलं, सारवलं, त्याची घरपट्टी भरली. वहीत नाव सासऱ्यांचं. ते जाऊन तीस वर्षं झालेली. मुंबईतल्या पाच चुलत-दिरांची संमतिपत्रं गोळा करता-करता पुढचा पावसाळा आला.

२००३ साली शासनाने घराच्या नोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावायचा निर्णय काढला. ग्रामपंचायतीत अर्ज करायचा असतो. कितीजणींनी केला, हा प्रश्न आम्ही मागच्या महिन्यात चार वाड्यांच्या बैठकीत विचारला. हात वर आले ते एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांनी तो निर्णय ऐकलेलाच नव्हता.

तर आता काम सांगतो. पुढच्या महिन्यात ध्वनिमुद्रणाला येताना प्रत्येकीने तीन गोष्टी आणायच्या. आपल्या घराच्या एका खांबाचा फोटो, डोकं आणि पाय दोन्ही दिसेल असा. एक सुटं पडलेलं कौल, पाठीवरचं नाव दिसणारं, चढून काढलेलं नको. आणि नमुना ८ चा ताजा उतारा. खांब आणि कौलं आपण टेबलावर मांडू. उतारे एकेकीने मोठ्याने वाचायचे, नावाच्या रकान्यापासून.